सणाचे ताट आणि रोजचे ताट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात रायपूर येथे सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त मी चार शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी सांगितले, तेव्हा विषय निवडण्याची मुभाही त्यांनी मलाच दिली. मी काही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे, आहारशास्त्राचा अभ्यासक तर नव्हेच नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला आणि पन्नाशी ओलांडलेला एक सामान्य गृहस्थ आहे. अशा माणसाने सणांच्या पदार्थांवर आणि आरोग्यावर बोलावे, हे धाष्टर्य आहे याची मला जाणीव आहे. त्यातून शेजारच्या दालनात पंगतीची तयारी चालू आहे आणि श्रीखंडातल्या वेलदोड्याचा वास येथवर येतो आहे. अशा वेळी आहारावर भाषण करणारा माणूस श्रोत्यांना प्रिय होणे कठीण. तरीही हाच विषय मी का निवडला, हे प्रथम सांगितले पाहिजे.

पाच वर्षांपूर्वी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मला मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी औषध लिहून दिलेच, पण त्याबरोबर एक काम सांगितले. आठ दिवस जे जे तोंडात जाईल ते ते एका कागदावर लिहून आणायचे. सरकारी नोकराला नोंदी ठेवण्याची सवय असते. मी इमानेइतबारे सगळे लिहिले. सकाळी चहाबरोबर बिस्किटे, कार्यालयात साखरेचे चार चहा, सोमवारी एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक, मंगळवारी बैठकीतला सामोसा आणि पेढा, गुरुवारी कोणाच्या निरोपसमारंभातले गुलाबजाम, शुक्रवारी लग्नाच्या स्वागतसमारंभातली जिलबी-रबडी, रविवारी मोबाईलवरून मागविलेले जेवण आणि वर आइस्क्रीम. यात विशेष असे मला काहीच वाटले नाही. माझ्या वयाचे आणि हुद्द्याचे बहुतेक लोक असेच जेवतात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तो कागद मी आईला वाचून दाखविला. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. येथे पहिल्या रांगेत बसली आहे. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, ही तर आठवडाभर दिवाळीच आहे की!"

त्या एका वाक्याने मला डॉक्टरांच्या सर्व कागदांपेक्षा अधिक काही सांगितले. आजचे माझे सारे बोलणे त्या एका वाक्याचे विवरण आहे, असे समजावे.

आईजवळ तिच्या संसाराच्या हिशेबाच्या जुन्या वह्या आहेत. त्या दिवशी तिने १९७८ सालची वही काढून दिली. तेव्हा आम्ही घरात सात माणसे होतो: आजी-आजोबा, आईवडील आणि आम्ही तिघे भावंडे. एरवीच्या महिन्यात रेशनची आणि बाजारची मिळून साडेतीन किलो साखर आणि दीड किलो गूळ अशी नोंद आढळते. दिवाळीच्या महिन्यात हाच आकडा जवळजवळ दुप्पट झालेला आहे. आणि त्यातलेही पुष्कळसे फराळाच्या ताटांतून शेजारीपाजारी गेलेले असणार. मी बसून गणित केले. एरवीच्या महिन्यात माणशी दिवसाला साधारण चोवीस ग्रॅम गोड पडत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी, असे त्यांत म्हटले आहे. माझ्या आईने त्या सूचना कधी वाचल्या नव्हत्या, आणि त्या निघण्यापूर्वी सदतीस वर्षे ती त्या पाळीत होती! आज आमच्या घरात तीन माणसे आहेत आणि महिन्याला चार किलो साखर लागते. बिस्किटे, शीतपेये आणि बाहेरची मिठाई यांतली साखर वेगळीच. हे गणित झाल्यावर माझ्या मधुमेहाचे मला आश्चर्य वाटेनासे झाले.

आता कोणी म्हणेल की तो काळच टंचाईचा होता. साखर मिळत नव्हती म्हणून खाल्ली जात नव्हती. हे अर्धे खरे आहे. परंतु त्या काळी टंचाई केवळ साखरेची नव्हती. प्रत्येक आनंदाचा वार ठरलेला होता, आणि त्या वाराची वाट पाहणे हा त्या आनंदाचाच एक भाग होता.

माझ्या पिढीच्या मंडळींना आठवत असेल. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आमच्या लहानपणी ऐन भरात होता. अमीन सायानी यांचा आवाज ऐकण्यासाठी आमच्या वाड्यातले लोक जेवणे लवकर उरकून एकाच रेडिओभोवती बसत. कोणते गीत कितव्या पायरीवर चढले, यावर दुसऱ्या दिवशी शाळेत वाद होत. २०२४ च्या फेब्रुवारीत सायानी गेले तेव्हा त्या बुधवारांची मला फार आठवण झाली. रायपूरचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून सुरू आहे. त्यावरच्या 'चौपाल'मधून छत्तीसगढी बोली आमच्या कानांवर पडे. मराठी ऐकायचे तर नागपूर केंद्र लावावे लागे. रात्री ते नीट लागे, दिवसा खरखर फार होई. दिवाळी अंकांचेही तेच. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांपर्यंत टपालाने, आठ-पंधरा दिवस उशिराने पोहोचायची. एक अंक चार घरांत फिरायचा आणि परत येईतो त्याचे मुखपृष्ठ गळून पडलेले असायचे.

आज ते सारे संगीत माझ्या खिशात आहे. कोणतेही गाणे, कोणत्याही क्षणी. आणि खरे सांगतो, मी ते पुरे ऐकत नाही. अर्ध्यावर दुसरे लावतो. गुलाबजामाचेही असेच झाले आहे. आठवड्यातून तीनदा समोर येणारा गुलाबजाम मी बोलता बोलता, कोणाकडे तरी पाहत, चव न घेता गिळतो. गाण्याचा वार गेला तसा गोडाचाही वार गेला. गाण्याने फक्त रसिकता बोथट झाली. गोडाने प्रकृती गेली.

आता सणांच्या पदार्थांकडे वळतो. अलीकडे मोबाईलवर दररोज एक तरी निरोप येतो की आपले पूर्वज किती शास्त्रज्ञ होते, अमुक पदार्थाने अमुक रोग मुळापासून बरा होतो, आणि हे दहा जणांना पाठवा. मला आपल्या पदार्थांचा अभिमान आहे, परंतु अभिमानाला खोट्या साक्षीची गरज नसते. म्हणून जे खरे आहे तेवढेच सांगतो.

संक्रांतीपासून आरंभ करू. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा यांची मिसळीची भाजी. वर्षातल्या सर्वांत शहाण्या ताटांपैकी हे एक ताट आहे. थंडीच्या दिवसांत शेतात जे जे ताजे असते ते ते त्यात येते, भरडधान्य येते, कडधान्य येते, तेलबी येते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारी, बाजरी, नाचणी आणि आपल्या छत्तीसगढची कोदो-कुटकी यांची एकाएकी सर्वांना आठवण झाली. तिळाचे म्हणाल तर सालीसह तिळात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते. दहा ग्रॅम तिळांत सुमारे शंभर मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची गरज हजार मिलिग्रॅमची. म्हणजे तिळगुळाच्या एका लाडवाने गरजेचा फार तर दहावा हिस्सा भागला, आणि तिळाच्या सालीतल्या ऑक्सलेटमुळे तोही सगळा अंगी लागत नाही. लाडू चांगलाच आहे, पण तो औषध नव्हे. आणि गूळ? गूळ साखरेपेक्षा चविष्ट खरा, त्यात थोडे क्षारही असतात. पण मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. 'गुळाचे चालते' हे वाक्य ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी कृपा करून विसरावे. मी ते दोन वर्षे घोकत होतो आणि त्याची फळे रक्ततपासणीत पाहत होतो.

गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने. वर्षातून एकदा चघळलेल्या चार पानांनी रक्त शुद्ध होते असे कोणी म्हटले, तर मी वाद घालणार नाही आणि विश्वासही ठेवणार नाही. मला त्यातला संकेत मोठा वाटतो. वर्षाचा आरंभ कडूने करायचा आणि गोड नंतर. आपल्या छत्तीसगढी शेजाऱ्यांकडेही हेच आहे. तीजेच्या, म्हणजे आपल्या हरतालिकेच्या, आदल्या रात्री माहेरी आलेल्या लेकी 'करू भात' खातात: कारल्याची भाजी आणि भात. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास आणि त्यानंतर ठेठरी-खुरमी. दोन्ही ठिकाणच्या सणांत कडवटपणाला मानाचे पान आहे. आपल्या आजच्या समारंभांच्या ताटांत कडू, तुरट, आंबट काहीच उरलेले नाही. चार गोड पदार्थ मात्र असतात.

येथे माझ्या नोकरीतली एक गंमत सांगतो. आम्हां केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षातून दोन ऐच्छिक सुट्या घेता येतात. हिंदीत त्यांना 'प्रतिबंधित अवकाश' असे भारदस्त नाव आहे. संक्रांत आणि पाडवा या मराठी माणसाच्या सणांना बहुधा हीच सुटी घ्यावी लागते. प्रत्येक जानेवारीत मी कागद घेऊन बसतो आणि यंदा कोणते दोन सण आपले, हे ठरवितो. घरात पुरणपोळी मात्र चारही सणांना होते, आणि उरलेल्या दोन सणांची पोळी मी रात्री नऊ वाजता, थकून, दूरदर्शनसंचासमोर बसून खातो. सण निसटला, उष्मांक मात्र राहिले.

पुरणपोळीचा विषय निघालाच आहे. पुरणपोळी ही मुळात विचाराने रचलेली वस्तू आहे. गहू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र आली की एकाच्या प्रथिनांतली उणीव दुसरे भरून काढते. डाळ शिजवून काढलेले पाणी फेकून न देता त्याची कटाची आमटी होते, म्हणजे पाण्यात उतरलेले सत्त्वही पोटात जाते. पुरण वाटायला तास लागायचा, पोळी लाटायला हात लागायचा. पाट्यावर वाटलेल्या पुरणाच्या दहा पोळ्या कोणी खात नसे, कारण त्या कोणाच्या तरी खांद्याच्या बळावर झालेल्या असत. आज त्या दुकानात डझनावारी मिळतात.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आम्ही आजोळी निघायचो. रायपूर ते नागपूर सुमारे तीनशे किलोमीटर. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया ही स्थानके आम्हांला पाढ्यांसारखी पाठ होती. डब्यात दशम्या, तिळाची चटणी आणि कांदा. आजोळी अंगणात शेवया, कुरडया, सांडगे वाळत पडलेले आणि काठी घेऊन कावळे हाकण्याचे काम आम्हां मुलांकडे. दुपारी कैरीचे पन्हे, सकाळी ज्वारीची आंबील. पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मीठ आणि थोडे गोड एकत्र असले की आतडी पाणी लवकर शोषून घेतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पाजले आणि पटकीने मरणाऱ्या असंख्य लोकांचे प्राण वाचविले, ते याच तत्त्वावर. पन्ह्यात मीठ का घालायचे ते आजीने सांगितले नव्हते. पण मीठ विसरले तर ती पेला परत घेऊन जायची.

आपल्या येथली बोरे-बासी ही त्याच जातीची. शिजवलेला भात पाण्यात घालायचा; काही वेळाने खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून खाल्ला तर बासी. बरोबर कांदा, हिरवी मिरची, ताक, एखादी पालेभाजी. किंचित आंबलेल्या या भाताने पोट थंड राहते, पाणी आणि मीठ भरपूर जाते, आणि उन्हात राबणारा माणूस दुपारपर्यंत तग धरतो. २०२२ साली १ मे रोजी, श्रमिक दिनी, राज्य शासनाने बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मोठमोठ्या अधिकाऱ्यांनीही बासीची ताटे समोर घेतली. मीही घेतले. छान लागले. पण नंतर लक्षात आले की बासी ज्याच्यासाठी आहे तो नांगरामागे चालतो आणि मी वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसतो. भात थंड झाला की त्यातल्या काही पिष्टाचे पचन मंदावते हे खरे, पण भात तो भातच. पदार्थ उचलून आणला आणि श्रम मागेच राहिले, तर गुण निम्मा होतो.

भोसल्यांच्या सैन्याबरोबर १७४१ पासून मराठी माणसे या प्रदेशात येऊ लागली. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा येथल्या आपल्या घरांतून या मातीशी देवघेव झाली, ती सर्वांत अधिक स्वयंपाकघरात. आंबेमोहोर मिळेना तेव्हा आमच्या आजीने नैवेद्याला नगरीचा दुबराज घेतला. त्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाडी येथे 'अमारी' झाली, शेवगा 'मुनगा' झाला. आपली अळूवडी बेसनाची, तर येथली 'इड़हर' कोचईच्या, म्हणजे अळूच्याच, पानांना उडदाची वाटलेली डाळ लावून उकडलेली आणि कढीत सोडलेली. आपला अनरसा आणि त्यांचा 'अइरसा' तर सख्खे भाऊ. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडून पुरणपोळी शेजारी जाई आणि शेजारून ठेठरी-खुरमीचे ताट येई. रिकामे ताट परत करायचे नाही, हा दोन्ही घरांचा नियम. पौष पौर्णिमेला छेरछेरा मागायला मुले दारी येत. आजी सुपातले धान त्यांच्या झोळीत घाली. गरीब-श्रीमंत सर्वांची मुले मागत, त्यात लाज नसे. सणाचे अन्न घरात साठत नसे, ते फिरत असे. आज भेटीदाखल आलेले मिठाईचे डबे शीतकपाटात साठतात आणि पुढचे पंधरा दिवस आपण ते 'संपवितो'.

परंतु, मित्रहो, जुने ते सारे सोने, असे म्हणण्यासाठी मी येथे उभा नाही. आठवणी गोड असतात, म्हणून त्या खऱ्याच असतात असे नाही.

आमच्या लहानपणीच्या चकल्या-शंकरपाळे तळले जात ते वनस्पती तुपात. पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची. आजही तो डबा पाहिला की माझे मन हळवे होते. पण त्या तुपात जे ट्रान्स मेद होते ते हृदयाला घातक, हे पुढे सिद्ध झाले. आपल्या देशात तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला. लाखोळीची डाळ घ्या. विदर्भात आणि छत्तीसगढात गरिबाचे पोट तिने भरले; पण दुष्काळात महिनोन् महिने तीच खाऊन कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ साली केंद्र शासनाने तिच्या विक्रीवर बंधने आणली. पुढे येथल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'महातिवडा' हा कमी विषद्रव्य असलेला वाण काढला, ही आपल्या रायपूरला अभिमानाची गोष्ट.

आणि तिसरी गोष्ट आमच्याच घरातली. ती सांगण्याची परवानगी मी आईकडून घेतली आहे.

१९८१ सालच्या गणपतीत आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. तपासल्यावर रक्त अतिशय कमी निघाले. ज्या बाईच्या हातचे जेवून आम्ही सहा माणसे धडधाकट होतो, तिचे स्वतःचे रक्त उतरत चालले होते आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. कारण ती शेवटी जेवायची. पोळ्या वाढून झाल्यावर जी उरेल ती, भाजी संपली असेल तर लोणच्याशी. सणाच्या दिवशी तर तिला जेवायला चार वाजायचे. सर्वांनी सल्ला दिला, गूळ-शेंगदाणे खा. गुळात जे थोडेसे लोह असते त्याने एवढी उणीव भरून येत नसते. ती बरी झाली ती डॉक्टरांच्या गोळ्यांनी. आणि पालेभाजी, कडधान्ये, वर लिंबू, जेवणानंतर लगेच चहा नाही, या पथ्यांनी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले की देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा सत्तावन्न जणींना रक्तक्षय आहे. आमच्या स्वयंपाकघरातली १९८१ ची गोष्ट १९८१ मध्ये संपलेली नाही. आपल्या सणांच्या ताटात काय गुण होते, याची चर्चा आपण पुरुष फार हौसेने करतो. ते ताट कोणापर्यंत पोहोचत होते आणि कोणापर्यंत नाही, हे विचारीत नाही.

तात्पर्य काय? मी दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हा आपल्या या मंडळाच्या गणेशोत्सवात 'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक हौशी मंडळींनी बसविले होते. पु. ल. देशपांडे यांचे १९५७ चे हे नाटक इंदूरच्या मराठी घरात घडते. म्हणून आपल्या मंडळींना त्यातले हिंदी वळणाचे मराठी अगदी घरचे वाटले. एकीकडे आयुष्याचा मनमुराद उपभोग घेणारे काकाजी, दुसरीकडे भोग वर्ज्य करणारे आचार्य. त्या रात्री आम्ही मुले अर्थातच काकाजींच्या बाजूने होतो. निदान झाल्यावर काही महिने मी आचार्य झालो. सणाला ताटावरून उठून जाई. घरातल्यांच्या तोंडचा घास कडू करी. तेही टिकले नाही. आज मला वाटते की आईची हिशेबाची वही या दोघांपेक्षा शहाणी आहे. तिच्यात भोग आहे, दिवाळीच्या महिन्यात दुप्पट साखर आहे. आणि उरलेल्या अकरा महिन्यांत माप आहे. ऋतू, माप, श्रम आणि वाटणी या चार गोष्टींनी सणाचे अन्न पथ्याचे केले होते. आपण पदार्थ तेवढे जपले आणि या चारही गोष्टी सोडून दिल्या. त्यांतले माप आणि ऋतू परत आणावेत, श्रम सर्वांनी वाटून घ्यावेत, आणि वाटणी पूर्वीपेक्षा अधिक न्यायाची करावी, एवढेच माझे म्हणणे.

ही निकड केवळ माझ्या एकट्याची नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या सभागृहातही आम्ही पुष्कळजण आहोत. बाहेरच्या मेजावर बिनसाखरेच्या चहाची जी वेगळी किटली ठेवली आहे, ती सर्वांत आधी रिकामी होते हे मी पाहिले आहे.

म्हणून मंडळापुढे तीन लहान सूचना ठेवतो. पहिली : मंडळाच्या कार्यक्रमांत गोड पदार्थ एकच असावा आणि तो त्या सणाचाच असावा, त्याबरोबर ऋतूतली एक भाजी येथली असावी, मग ती अमारी असो, लाल भाजी असो की मुनगा. दुसरी : आपल्यांतल्या वडीलधाऱ्या भगिनींच्या जुन्या वह्या, त्यांची वाटी-चमच्याची मापे, या प्रदेशात त्यांनी केलेले बदल, हे सारे मंडळाने लिहून घ्यावे. हे काम आता लांबणीवर टाकण्याजोगे नाही. तिसरी : महिन्यातून एका बुधवारी, रात्री आठ वाजता, येथे जमून जुनी गाणी एकत्र ऐकावीत. पुरी ऐकावीत, आणि बरोबर खायला काही ठेवू नये!

शेवटी एक विनंती, आणि ती आजच अमलात आणता येईल. गेली पन्नास वर्षे आपल्या मंडळाच्या प्रत्येक पंगतीत स्वयंपाकघरातल्या भगिनी शेवटी बसत आल्या आहेत. आज सुवर्णमहोत्सवाच्या पंगतीत त्यांची पाने पहिल्यांदा मांडावीत आणि वाढण्याचे काम आम्हां पुरुषांना द्यावे. वाढप्यांच्या यादीत माझे नाव सर्वांत वर लिहावे. वरणाची बादली माझ्या हाती द्यावी. श्रीखंडाचे पातेले मात्र दुसऱ्या कोणाकडे असलेले बरे. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आईला आज चार वाजेपर्यंत थांबावे लागू नये.